‘मॅकबेथ’ कापताना जोड्या सांभाळा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाट्यस्पर्धेचा हंगाम जवळ आला की गोव्यातल्या गावोगावच्या मंडळांत संहितेची शोधाशोध सुरू होते. काही मंडळे हमखास शोकांतिकेकडे वळतात आणि त्यांतली एखादी तरी ‘मॅकबेथ’पाशी येऊन थांबते. चेटकिणी, खून, भूत, तलवारी. नेपथ्याला, प्रकाशाला आणि रंगभूषेला भरपूर वाव. शिवाय शेक्सपियरच्या शोकांतिकांत सर्वांत आटोपशीर हीच. मराठीत ती नवखीही नाही. शिवराम महादेव परांजप्यांचा ‘मानाजीराव’ आणि शिरवाडकरांचा 1954 चा ‘राजमुकुट’ ही तिचीच मराठी रूपे. तरीही स्पर्धेच्या वेळेत बसवायला ती कापावी लागते, आणि तालमीत संहितेचे काम पाहणाऱ्या आम्हा दोघांना बोलायचे आहे ते या कापण्याबद्दल.

कात्री कुठे लागते ते ठरलेले असते. “हे नुसते वर्णन आहे”, “हे आधी येऊन गेले”, “हा विनोद गंभीर नाटकात कशाला?” या तीन सबबींवर पाने जातात. कथानक शाबूत राहते आणि तरी प्रयोग कोरडा वाटतो. मग दोष नटांवर येतो, किंवा पार्श्वसंगीताचा आवाज वाढवला जातो. खरे कारण वेगळे असते. प्रतिमा, पुनरुक्ती, उपरोध, छंद या गोष्टी कथानकावर वरून चढवलेल्या आहेत असे आपण शाळेपासून धरून चालतो. या नाटकात त्यांच्यावरच भार आहे. इथे जवळपास प्रत्येक गोष्ट दोनदा येते. पहिल्यांदा ती सहज, बिनवजनाची येते. दुसऱ्यांदा येते तेव्हा प्रेक्षकाला पहिली आठवते आणि पोटात गोळा येतो. जोडीतले एक टोक कापले की दुसरे निव्वळ वाक्य उरते. म्हणून कापायचे तर जोडी पाहून कापावे.

सुरुवातीचीच जोडी घ्या. पहिल्या प्रवेशात, दहा-बारा ओळींत, चेटकिणी म्हणतात की चांगले तेच वाईट आणि वाईट तेच चांगले. तिसऱ्या प्रवेशात मॅकबेथ रंगमंचावर येतो आणि त्याचे पहिलेच वाक्य असते की इतका वाईट आणि इतका चांगला दिवस मी पाहिला नाही. त्याने चेटकिणींना अजून पाहिलेले नाही, तरी त्यांचे शब्द त्याच्या तोंडात आहेत. हा संबंध प्रेक्षकाच्या कानावर पडला पाहिजे, त्यासाठी दोन्हीकडे तेच दोन शब्द हवेत. अनेक रूपांतरांत चेटकिणींना ‘सुंदर-कुरूप’ मिळते आणि मॅकबेथ ‘भयाण पण विजयाचा दिवस’ म्हणतो. अर्थ बरोबर, जोडी मेलेली. ‘मंगल’ आणि ‘अमंगल’ घेतले तर दोन्हीकडे चालतात: “मंगल ते अमंगल, अमंगल ते मंगल”, आणि मग मॅकबेथचे “इतका अमंगल आणि इतका मंगल दिवस मी पाहिला नाही.” याहून चांगली जोडी सापडली तर तीही घ्यावी, पण बदलायची तर दोन्ही ठिकाणी.

दुसऱ्या प्रवेशातला जखमी सैनिक लांबण लावतो, त्याचे युद्धवर्णन निम्मे कापायला आमची हरकत नाही. मात्र त्या प्रवेशात राजा डंकन जे पहिले वाक्य बोलतो, ‘हा रक्तबंबाळ माणूस कोण?’, ते ठेवावे, कारण नाटकभर वाहणारे रक्त तिथून सुरू होते. आणि प्रवेशाचा शेवट ठेवावा. तिथे डंकन दगाबाज ठरलेल्या कॉडरच्या सरदाराचा किताब मॅकबेथला देऊन टाकतो. पुढच्या प्रवेशात चेटकिणी मॅकबेथला ‘कॉडरचा सरदार’ म्हणून हाक मारतात तेव्हा तो चकित होतो, प्रेक्षक होत नाही. आपल्याला ते आधीच ठाऊक असते. भविष्य म्हणून सांगितलेली गोष्ट घडून गेलेली आहे हे आपल्याला कळते आणि त्याला कळत नाही. हाच नाट्यगत उपरोध. दुसरा प्रवेश सरसकट उडवला तर चेटकिणी खऱ्या भविष्यवेत्त्या ठरतात आणि नाटकाचा तोल बिघडतो: मॅकबेथ नशिबाचा बळी होतो, स्वतःच्या हावेचा राहत नाही.

उपरोध कधीकधी वाक्यात नसतो, एन्ट्रीच्या वेळेत असतो. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात डंकन म्हणतो की चेहऱ्यावरून माणसाचे मन ओळखण्याची कला कुणाला साधलेली नाही. ज्याने दगा दिला त्या सरदारावर माझा पूर्ण भरवसा होता. आणि त्याच क्षणी मॅकबेथ आत येतो. विंगेतला नट दोन सेकंद उशिरा आला, किंवा दिग्दर्शकाने मध्ये तुतारी घातली, की संपले. नट विंगेच्या तोंडाशी उभा हवा आणि ‘भरवसा’ हा शब्द वाक्याच्या शेवटी आणून त्यावर त्याचे पाऊल पडायला हवे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते म्हणून ‘माझा त्याच्यावर पूर्ण भरवसा होता’ असे लिहिले जाते. ‘त्या माणसावर होता माझा पूर्ण भरवसा’ असे फिरवून घ्यावे. बोलीत ते खटकत नाही.

पाचवा आणि सहावा प्रवेश एकमेकांना चिकटलेले आहेत. पाचव्यात मॅकबेथची बायको, लेडी मॅकबेथ, म्हणते की डंकन माझ्या घरात पाऊल टाकतोय हे ओरडून सांगणारा कावळासुद्धा घोगरा झालाय. (मुळात तो डोमकावळा, ‘कावळा’ चालेल.) सहाव्यात डंकन त्याच वाड्यासमोर उभा राहून इथली हवा किती गोड आहे म्हणतो आणि त्याच्याबरोबरचा सरदार बँको देवळाच्या वळचणीला घरटी करणारी पाकोळी दाखवतो: ती जिथे राहते तिथली हवा निर्मळ असते. साधारण तीस ओळींचा हा प्रवेश कात्रीला सगळ्यात आधी सापडतो, कारण ‘यात काही घडत नाही’. घडत नाही हे खरे. पण मरणाऱ्या माणसाने मरणाच्या दारात उभे राहून हवेचे कौतुक करावे यापेक्षा क्रूर काही या अंकात नाही, आणि त्याला वाक्ये लागतात फार तर दहा. आपल्याकडच्या प्रेक्षकाला देवळातली पाकोळी समजावून सांगावी लागत नाही हा वरचा फायदा. या प्रवेशाला करुण संगीत लावू नये. प्रकाश उबदार, सकाळच्या उन्हासारखा ठेवावा. डंकनला काही ठाऊक नाही तर दिव्यांनाही असू नये.

आता पाणी आणि रक्त. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात डंकनचा खून करून आलेला मॅकबेथ आपल्या हातांकडे पाहून म्हणतो की सगळ्या समुद्रांचे पाणीही हे धुवू शकणार नाही, उलट हे हातच हिरव्या समुद्राला लाल करतील. मूळ इंग्रजीत इथे आधी लांबलचक, जडजंबाल लॅटिन वळणाचे शब्द येतात आणि पाठोपाठ एकेका अवयवाचे, म्हणजे एकेका उच्चारखंडाचे, साधे शब्द. मराठीत हा चढउतार संस्कृत तत्समातून तद्भवावर उतरून साधता येतो: ‘अगणित सागरांना आरक्त करतील’ आणि मग लगेच ‘हिरवे पाणी लाल होईल’. लागलीच लेडी मॅकबेथ येते आणि म्हणते, थोडेसे पाणी घेतले की आपण यातून मोकळे. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात तीच बाई झोपेत हात चोळत राहते आणि अरबस्तानची सगळी अत्तरेही या इवल्या हाताचा वास घालवणार नाहीत म्हणते. समुद्र, थोडे पाणी, अत्तर. तिन्ही वाक्ये राहिली तर नाटक उभे राहते.

इथे तांत्रिक चूक फार होते. खुनाच्या प्रवेशात नकली रक्त कोपरापर्यंत माखले जाते आणि झोपेत चालण्याच्या प्रवेशातही हातावर लाल डाग दाखवला जातो. पहिल्या ठिकाणी तळवे आणि दोन्ही खंजीर पुरेत. रक्त जास्त झाले की प्रेक्षक पांढऱ्या अंगरख्याला काय होणार ते बघत बसतो आणि वाक्य निसटते. दुसऱ्या ठिकाणी हात स्वच्छ हवेत, अगदी स्वच्छ. डाग तिला दिसतो, वैद्याला आणि दासीला दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसता कामा नये. पाण्याचेही तसेच: दुसऱ्या अंकात तांब्या-परात खरी, पाण्याचा आवाज खरा, पाचव्यात काहीच नाही, फक्त हातावर हात घासल्याचा आवाज, आणि तो ऐकू यायला पार्श्वसंगीत पूर्ण बंद.

हा झोपेत चालण्याचा प्रवेश, खरे तर, संहिता कापणाऱ्यासाठी फुकटात मिळालेली तपासणी आहे. तिचे बोलणे तुटक आहे, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा आधीच्या एखाद्या प्रवेशातून उचललेला आहे. ती ‘एक, दोन, आता वेळ झाली’ म्हणते: दुसऱ्या अंकातली घंटा. ‘म्हाताऱ्याच्या अंगात इतके रक्त असेल असे कुणाला वाटले होते’: डंकन. ‘फाइफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे?’: चौथ्या अंकात मारली गेलेली लेडी मॅकडफ, फाइफचा सरदार मॅकडफ याची बायको. ‘बँकोला पुरले आहे, तो बाहेर येऊ शकत नाही’: मेजवानीत आलेले भूत. ‘दारावर कुणी ठोठावतेय’: खुनानंतरची थाप. ‘झाले ते न झालेले करता येत नाही’: तिसऱ्या अंकात नवऱ्याला तिने दिलेला धीर, ‘झाले ते झाले’. काटछाट संपली की हा प्रवेश समोर ठेवावा आणि तिच्या एकेका वाक्यासमोर त्याचे उगमस्थान पेन्सिलीने लिहावे. ज्या वाक्यासमोर काही लिहिता येत नाही तिथे तुम्ही चुकीचे पान फाडले आहे. लेडी मॅकडफचा प्रवेश असाच जातो. त्याला दोन पात्रे आणि एक बोलका मुलगा लागतो, मंडळाकडे ती नसतात. मग फाइफच्या बायकोचे वाक्य कुणाबद्दल आहे ते प्रेक्षकाला कळत नाही, आणि मॅकडफच्या सूडालाही बूड राहत नाही.

आणखी एक. नाटकभर पद्यात बोलणारी ही बाई या शेवटच्या प्रवेशात गद्यात बोलते. ताबा सुटला हे लेखकाने असे दाखवले आहे. मराठी रूपांतर आधीपासूनच सगळे गद्यात असेल तर हा बदल हरवतो, तेव्हा तिची आधीची भाषणे निदान लयीत, समान लांबीच्या वाक्यांत बांधावीत आणि इथे ती लय मोडावी. नटीने रडून ओरडून हा प्रवेश भरण्याची गरज राहत नाही.

द्वारपालाबद्दल जरा सविस्तर, कारण सर्वाधिक अन्याय त्याच्यावर होतो. डंकनचा खून झाला आहे, नवरा-बायको रक्ताळल्या हातांनी उभी आहेत, आणि दारावर थाप पडते. ती पडतच राहते. ती दोघे आत पळतात आणि दारू प्यालेला द्वारपाल डोळे चोळत येतो. आपण नरकाच्या फाटकावर आहोत असे समजून कोण कोण आत येतेय ते सांगतो. त्यांत एक दुतोंडी शपथा घेणारा आहे. 1605 च्या इंग्लंडमधल्या बारूदकटानंतर (राजासकट संसद उडवण्याचा कट), 1606 मध्ये चाललेल्या खटल्यात, एका जेझुइट पाद्रीच्या दुहेरी अर्थाच्या उत्तरांची मोठी चर्चा झाली होती. त्या काळच्या प्रेक्षकाला हा टोला लगेच कळला असेल; आपल्याला कळण्याची गरज नाही, पण दुतोंडीपणा ठेवायलाच हवा. चेटकिणींची सगळी भविष्ये त्याच जातीची आहेत: बाईच्या पोटी जन्मलेला कुणी तुला मारणार नाही, बर्नमचे रान डन्सिनेनवर चालून येईतो तुला भय नाही. शब्द खरे, अर्थ फसवा. आणि दारू इच्छा जागवते पण कुवत काढून घेते हे द्वारपालाचे आचरट तत्त्वज्ञान मॅकबेथलाही लागू पडते, राज्य मिळते पण भोगता येत नाही.

या प्रवेशाचे दुसरे काम नुसते यांत्रिक आहे. रक्ताळलेल्या नटांना हात धुऊन कपडे बदलायला वेळ हवा. तो कापून ब्लॅकआउट घेणारे मंडळ स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते: अंधारात प्रेक्षक सुस्कारा सोडतो, खोकतो, आणि ताण जातो. द्वारपालाच्या विनोदावर हसतानाही थाप चालूच असते, त्यामुळे ताण सुटत नाही, लांबतो. थाप रेकॉर्ड केलेली नसावी. स्पीकरमधून ती प्रेक्षागृहाच्या बाजूने येते, दरवाज्यातून येत नाही. विंगेत जाड लाकडी फळी उभी करून मुठीने वाजवावी. आधी लांबून, मग जवळून.

गोव्यात द्वारपालाच्या जागी स्थानिक विनोद घालण्याचा मोह होतो, कुणी त्याला शंकासुराच्या ढंगात उभा करतात. आमचा त्याला विरोध नाही. पेडणे-सत्तरीकडच्या दशावतार पाहिलेल्या माणसाला गंभीर खेळाच्या पोटात हसवणारा राक्षस नवा नाही, आणि कोकणी तियात्र पाहणाऱ्यांनाही दोन पडद्यांमधल्या कांतारांमुळे, म्हणजे गाण्यांमुळे, ताण आणि हसू शेजारी शेजारी बसवायची सवय आहे. अट एवढीच की नरकाचे फाटक, दुतोंडी पाहुणा आणि दारू या तीन गोष्टी राहाव्यात. कॅसिनोवर किंवा रस्त्यांतल्या खड्ड्यांवर मारलेला टोला टाळी मिळवतो आणि आपण कुठल्या वाड्यात आहोत ते प्रेक्षक विसरतो.

‘एकच प्याला’ पाहिलेल्यांना हे नवे वाटू नये. 1919 पासून गाजलेल्या त्या नाटकात तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ हसवते म्हणून सुधाकराचा ऱ्हास सहन होतो, आणि त्याच हसण्यामुळे तो जास्त लागतो. पहिला प्याला आणि शेवटचा विषाचा प्याला ही तर जोडीची आदर्श मांडणी. त्यातलेही मदिरा मंडळाचे प्रवेश कापून ‘गंभीर’ प्रयोग होतात, आणि मग तळीरामाचा मृत्यू सुधाकराच्या मृत्यूची चाहूल देईनासा होतो.

चेटकिणींच्या छंदाचा प्रश्न अवघड आहे. इतर पात्रे मुळात दहा अवयवांच्या ओळीत बोलतात, चेटकिणी सात-आठ अवयवांच्या, पहिल्यावर आघात असलेल्या, यमकाच्या ओळीत. त्यांचे बोलणे वेगळे ऐकू यायलाच हवे. मराठीत आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, म्हणजे लहान अभंगाचा घाट, मापाला बरोबर बसतो. पण तो घाट आमच्याकडे भजनी मंडळांमुळे कानात इतका मुरलेला आहे की टाळाची साथ मिळाली तर प्रेक्षक डोलू लागेल. टाळ-मृदंग न लावता, चालीविना, सपाट आवाजात म्हटला तर मात्र तो अंगावर येतो, कारण ओळखीची पवित्र लय वेडीवाकडी झालेली ऐकू येते. धालोची चाल लावण्याचे प्रयोग आम्हाला पटत नाहीत. पौषातल्या मांडावरचे ते बायकांचे व्रत आहे. ते चेटकिणींना देणे अन्यायाचे आहे आणि नाटकालाही उपयोगी नाही, प्रेक्षक ठेका धरतो.

कपड्यांची प्रतिमा छोटी आहे, चटकन सांगतो. पहिल्या अंकात मॅकबेथ विचारतो की मला दुसऱ्याची उसनी वस्त्रे का चढवता. पाचव्यात एक सरदार म्हणतो की आता हा किताब त्याच्या अंगावर राक्षसाचा अंगरखा खुज्या चोराने घातल्यासारखा लोंबतोय. वेशभूषाकाराने राज्याभिषेकानंतरचा झगा खरोखरच एक माप मोठा शिवावा. काम झाले.

मग कापायचे काय? पुष्कळ आहे. तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश, चेटकिणींच्या देवतेचा, हेकेटीचा, बिनदिक्कत काढा. हा भाग मिडलटन या दुसऱ्या नाटककाराने मागाहून घातला असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच अंकाचा सहावा प्रवेश चार वाक्यांवर येतो. चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश नाटकातला सर्वांत लांब: डंकनचा मुलगा माल्कम मॅकडफची परीक्षा घेतो ती दोन-तीन मिनिटांत आटपा, इंग्रज राजाच्या स्पर्शाने रोग बरे होण्याची हकीकत वगळा, पण बायकामुलांच्या खुनाची बातमी पूर्ण ठेवा. तिथे रॉस हा सरदार आधी ‘सगळी सुखरूप होती’ म्हणतो, मग खरे सांगतो. हा विलंब कापला तर मॅकडफचा ‘सगळी? माझी सगळी पिल्ले?’ हा प्रश्न उघडा पडतो. पाचव्या अंकातल्या लहान लहान लढाया एकत्र शिवता येतात.

पाचव्या अंकाच्या पाचव्या प्रवेशातल्या मॅकबेथच्या प्रसिद्ध स्वगतात ‘उद्या’ तीनदा येते. ते एकदा किंवा दोनदा करू नये आणि तिन्ही एका दमात म्हणू नयेत. दर दोहोंच्या मध्ये ‘आणि’ आहे, तिथे पाऊल पुढे पडल्यासारखा श्वास घ्यावा. याच स्वगतात तो मेणबत्तीला विझ म्हणतो. झोपेत चालणाऱ्या बायकोच्या जवळ सतत दिवा लागतो हे दासीने त्याच अंकात सांगितलेले असते, आणि पहिल्या अंकात लेडी मॅकबेथनेच दाट काळोखाला बोलावले होते. दासीचे ते वाक्य एका ओळीचे आहे; ते गेले तर ही मेणबत्ती नुसती सुविचारातली राहते.

शेवट बहुतेक मंडळे मॅकबेथच्या पडण्यावर करतात, लाल प्रकाश आणि पडदा. मुळात त्यानंतर मॅकडफ त्याचे शीर घेऊन येतो आणि माल्कमला राजा म्हणून जयजयकार करतो; जमलेले सरदार तो पुन्हा उचलतात. मुळातला शब्द तोच आहे, ज्याने तीन चेटकिणींनी पहिल्या अंकात मॅकबेथला हाक दिली होती. रूपांतरात तिथे ‘जय हो’ आणि इथे ‘महाराजांचा विजय असो’ असे वेगवेगळे घालू नये. दोन्हीकडे एकच घोष, शक्य तर एकाच पट्टीत, आणि चेटकिणींचे काम करणाऱ्या नट्या या गर्दीत सरदारांच्या वेषात असल्या तरी हरकत नाही. माल्कमच्या भाषणातल्या पहिल्या आठ-दहा ओळी राहू द्याव्यात: तो सरदारांना नवे किताब वाटतो, जसे डंकनने कॉडरचा किताब वाटला होता. एवढ्याला दोन मिनिटे लागतात, आणि ती हेकेटीच्या प्रवेशातून केव्हाच वाचलेली असतात.

आपले,
तालमीत संहितेचे काम पाहणारे दोघे
फोंडा, गोवा